अल्बर्ट सगळ्यांना माहितीये, आज पीटरबद्दल बोलूया

मानसशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा, अध्ययनाच्या धड्यात आधी पाव्हलॉवचा कुत्रा येतो, मग अल्बर्ट नावाचं बाळ, मग स्किनरची पेटी (उंदराने दांडी दाबली की खाणं देणारी), आणि धडा संपला. मी ज्युनिअर कॉलेजला हा विषय शिकवते. अल्बर्टपाशी आलो की वर्गातलं कोणीतरी हमखास विचारतं, मॅडम त्या बाळाचं पुढे काय झालं? आणि दरवेळी मी पुस्तक बाजूला ठेवून पीटरची गोष्ट सांगायला घेते, कारण अल्बर्टच्या वेळी जे करायचं राहून गेलं ते पीटरच्या वेळी कोणीतरी केलं, आणि माझ्या मते अभिसंधान म्हणजे कंडिशनिंग, एका गोष्टीची दुसरीशी जोडी लागून शिकणं, ही भानगड नीट कळते ती पीटरमुळेच. पुस्तकात मात्र त्याला जेमतेम एक ओळ मिळते. म्हणून ही पोस्ट. मोठी झालीये, पण वाचा.

आधी पाव्हलॉव थोडक्यात. इवान पाव्हलॉव मानसशास्त्रज्ञ नव्हता, शरीरक्रियाशास्त्राचा माणूस, सेंट पीटर्सबर्गला पचनावर काम करायचा आणि १९०४ चं नोबेल त्याला पचनाच्याच कामासाठी मिळालं. ऑपरेशन करून कुत्र्याच्या लाळेची नलिका गालाबाहेर आणायची, म्हणजे लाळ किती सुटली ते थेंब मोजून सांगता येतं. तोंडात खाणं पडलं की लाळ सुटणारच, ते जन्मजात, त्यात शिकायचं काही नाही. पण तिथे रुळलेल्या कुत्र्यांना खाणं आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागली तरी लाळ सुटायला लागली. दुसरा कोणी असता तर प्रयोगातली कटकट म्हणून त्याने हे सोडून दिलं असतं, पाव्हलॉवने उरलेलं आयुष्य याच्यामागे घातलं. सगळे घंटा घंटा म्हणतात पण त्याच्याकडे मेट्रोनोमची टिकटिक होती, बझर होता, दिवे होते, कातडीला हलका स्पर्श होता, काहीही चालायचं. टिकटिक आणि लगेच खाणं, टिकटिक आणि लगेच खाणं, असं होत राहिलं की नंतर नुसत्या टिकटिकीने लाळ. म्हणजे जो आवाज कुत्र्याच्या लेखी काहीच नव्हता तो आता निरोप झाला, की खाणं येतंय.

आणि हा निरोप पसरतो पण. एका सुरावर शिकवलं तर त्याच्या आसपासच्या सुरांवरही लाळ सुटते, सूर जितका लांबचा तितकी कमी. याला सामान्यीकरण म्हणतात. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेत जॉन वॉटसनने १९१३ मध्ये जाहीरच करून टाकलं की मानसशास्त्राने मनात काय चाललंय हे शोधणं सोडावं आणि जे दिसतं, मोजता येतं ते वर्तन अभ्यासावं. वर्तनवाद तो हाच. आता लाळ अशी जोडता येते तर भीती पण जोडता येईल का, हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि त्यासाठी त्याने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रोझाली रेनर या आपल्या सहकारी विद्यार्थिनीसोबत जो प्रयोग केला आणि १९२० मध्ये छापला तो अल्बर्टचा. अल्बर्टची आई तिथल्याच मुलांच्या हॉस्पिटलमध्ये दुसऱ्यांच्या बाळांना अंगावर पाजायचं काम करायची, त्यामुळे बाळ जवळजवळ जन्मापासून तिथेच. नऊ महिन्यांचा असताना त्याला पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, माकड, मुखवटे, कापूस सगळं दाखवून बघितलं, तो कशालाच घाबरला नाही. पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारला की मात्र दचकून रडायचा, ते कुठलंही बाळ रडेल. अकरा महिन्यांचा झाल्यावर त्याने उंदराला हात लावला की मागे दांडा वाजवायचा, असं सुरू केलं. पहिल्यांदा दोन वेळा, आठवड्याने आणखी पाच वेळा. सात वेळांत काम झालं. उंदीर नुसता दिसला तरी बाळ रडत रांगत लांब पळायला लागलं, आणि मग ससा, कुत्रा, फरचा कोट, सांताक्लॉजचा मुखवटा, यांनाही. केसाळ असं जे जे होतं त्यात भीती पसरली.

पुढे? पुढे काही नाही. महिन्याभराने एकदा पुन्हा तपासलं, भीती कमी झाली होती पण होती, आणि मग आई त्याला घेऊन निघून गेली. भीती कशी उतरवता येईल याचे उपाय पेपरमध्ये लिहिलेत पण करून बघितलेले नाहीत, आणि बाळ कधी जाणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. हे मला आजही सहन होत नाही. पोरांना मी हे स्पष्ट सांगते, की या प्रयोगाने विज्ञानाला जे दिलं ते दिलं, पण एका अजाण लेकराला घाबरवून तसंच सोडून देणं चूकच होतं.

पण त्याच पेपरमध्ये एक बारीकसा तपशील आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. अल्बर्ट अंगठा चोखायचा, आणि अंगठा तोंडात असला की त्याला भीती वाटायचीच नाही. उंदीर समोर, बाळ शांत. त्यांना चित्रीकरण करताना पुन्हा पुन्हा त्याचा अंगठा तोंडातून काढावा लागला, तेव्हा कुठे ते घाबरायचं. म्हणजे उपाय त्यांच्या डोळ्यांसमोर होता. बाळाला त्या क्षणी तोंडात काहीतरी सुखाचं असेल तर भीतीला जागाच उरत नाही, हे त्यांनी लिहूनही ठेवलं, फक्त त्या बाजूने पुढे गेले नाहीत.

पुढे गेल्या त्या मेरी कव्हर जोन्स. या बाई रोझाली रेनरची कॉलेजपासूनची मैत्रीण, वॉटसनचं व्याख्यान ऐकून या कामाकडे वळलेल्या, आणि त्यांनी प्रश्न उलटा विचारला. भीती घालता येते हे कळलं, आता मुलाच्या मनात आधीच असलेली भीती काढता येते का? न्यूयॉर्कमधल्या एका संस्थेत राहणाऱ्या ७० मुलांवर त्यांनी काम केलं, अगदी तान्ह्यापासून सात वर्षांपर्यंतची मुलं, आणि त्यातून १९२४ मध्ये दोन पेपर आले. पहिल्यात त्यांनी घरोघरी चालणारे सगळे उपाय एकेक करून तपासलेत. भीतीची वस्तू दाखवायचीच नाही, आपोआप विसरेल. नाही विसरत. समजावून सांगायचं. ससा कसा गोड असतो वगैरे एका चिमुरडीला आठवडाभर रोज गप्पा मारून सांगितलं, ती ऐकायची मजेत, आणि खरा ससा आणला तर तशीच घाबरली. हसायचं, चिडवायचं, रागवायचं. याने तर काही मुलांची भीती उलट घट्ट झाली. कामाला आले ते दोनच उपाय, एक म्हणजे न घाबरणाऱ्या मुलांच्या सोबतीत ठेवणं, आणि दुसरा म्हणजे भीतीच्या वस्तूची जोडी सुखाच्या गोष्टीशी लावणं.

दुसरा पेपर सगळा पीटरचा. पीटर दोन वर्षं दहा महिन्यांचा, तब्येतीने धडधाकट, हुशार, पण ससा, पांढरा उंदीर, फरचा कोट, पिसं, कापूस या सगळ्याला घाबरणारा. म्हणजे हुबेहूब अल्बर्टसारखी यादी, फक्त ही भीती कोणी प्रयोगशाळेत घातलेली नव्हती. सशाला सगळ्यात जास्त घाबरायचा म्हणून ससाच घेतला. आधी सशाला न घाबरणाऱ्या तीन मुलांसोबत त्याला रोज खेळायला सोडलं, ससा तिथेच. आणि जोन्स बाईंनी पीटर सशाला किती जवळ येऊ देतो याच्या पायऱ्या लिहून ठेवल्या, सतरा पायऱ्या आहेत, त्या वाचताना मला दरवेळी भरून येतं. पहिल्या पायरीला पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही दिसला तरी रडतो. मग बारा फुटांवर पिंजऱ्यात चालतो. मग चार फूट, तीन फूट, मग पिंजरा अगदी जवळ. मग ससा खोलीत मोकळा. मग बाई सशाला धरून बसल्यात आणि पीटर बोट लावतो. मधे एक पायरी आहे जिथे तो सशावर थुंकतो, वस्तू फेकतो, त्याची नक्कल करतो, आणि बाईंनी ती प्रगती म्हणून लिहिलीये! आपल्याकडे त्याच क्षणी पोराला धपाटा बसला असता. पण पळण्याऐवजी तो सशासमोर उभा राहून काहीतरी करतोय, हे त्या बाईंना दिसलं, आणि हे दिसायला मुलाकडे खरंच बघावं लागतं.

मग पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला, दोन महिने हॉस्पिटलमध्ये. निघायच्या दिवशी नर्ससोबत टॅक्सीत चढताना एक मोठा कुत्रा धावत अंगावर आला, नर्स पण घाबरली. झालं, इतके दिवस कमावलेलं सगळं गेलं, पीटर परत जवळजवळ पहिल्या पायरीवर. इथून पुढे बाईंनी दुसरा उपाय घेतला. पीटरला उंच खुर्चीत बसवायचं, त्याच्या आवडीचं खायला द्यायचं, आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा फक्त इतकाच जवळ आणायचा की त्याच्या खाण्यात खंड पडणार नाही. जरा अस्वस्थ झाला की ससा मागे. हळूहळू अंतर कमी. शेवटच्या पायरीपर्यंत पीटर सशाला कुरवाळतो आणि त्याला आपली बोटं हळूच चावू देतो, आणि कापूस, फरचा कोट, पिसं यांची भीती तर त्यांच्यावर काही काम न करताच गेली. भीती जशी पसरते तशी निर्भयता पण पसरते.

आता इथे एक गोष्ट बहुतेक लोक, आणि माझे विद्यार्थी तर नेहमीच, उलटी समजतात. पीटरला दिलेलं खाणं हे बक्षीस नव्हतं. सशाला हात लाव मग बिस्कीट देते, असं नव्हतं ते. तो प्रकार स्किनरचा, साधक अभिसंधानाचा, जिथे आधी वर्तन आणि मग त्याचं फळ, आणि फळ चांगलं तर वर्तन वाढतं. त्याची जागा आहे, पण घाबरलेल्या मुलाला चॉकलेटच्या बोलीवर पुढे ढकललं तर ते चॉकलेटसाठी दात आवळून हात लावेल आणि आतून तितकंच घाबरलेलं असेल. पीटरच्या बाबतीत त्याला काहीच करायचं नव्हतं. तो निवांत खात होता आणि त्या निवांतपणात ससा लांबून हजर होता. जोडणी निवांतपणाची आणि सशाची. आणि म्हणूनच जोन्स बाईंनी एक इशारा पण दिलाय, की घाई केली, ससा एकदम जवळ आणला, तर उलटं होईल, सशाची भीती खाण्याला जाऊन चिकटेल.

स्किनरच्या बाजूची गोष्ट भीतीत येतेच, पण वेगळ्या दाराने, आणि ती ओरव्हल मौरर या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये नीट मांडली. भीती शिकली जाते पाव्हलॉवच्या पद्धतीने पण टिकते स्किनरच्या पद्धतीने. कसं, तर कुत्रा दिसला, छाती धडधडली, मूल पळून आईच्या मागे लपलं, लगेच हायसं वाटलं. हे हायसं वाटणं हेच पळण्याचं फळ. नकोशी गोष्ट गेल्यामुळे वर्तन पक्कं होणं, याला ऋण प्रबलन म्हणतात (परीक्षेत निम्मा वर्ग याला शिक्षा लिहून येतो, शिक्षेने वर्तन कमी होतं, इथे तर पळणं वाढतंय). आणि पळाल्यामुळे कुत्रा काही करत नाही हे मुलाला कधी कळतच नाही. रिचर्ड सोलोमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं की शॉक टाळण्यासाठी दोन खणांच्या पेटीत एका खणातून दुसऱ्यात उडी मारायला शिकलेले कुत्रे, शॉक पूर्ण बंद केल्यावरही शेकडो वेळा उड्या मारतच राहतात. थांबून बघितल्याशिवाय कसं कळणार की शॉक आता येत नाही? म्हणून "मोठा झाला की जाईल आपोआप" हे वाक्य मला पटत नाही. काही भीती जातात तशा, पण ज्या भीतीपासून मूल दरवेळी यशस्वीपणे पळतंय ती कशी जाणार.

आणि गेलेली भीती पुसली जात नाही, हेही पाव्हलॉवनेच आधी बघितलं. टिकटिक वाजवत राहा आणि खाणं देऊच नका, लाळ कमी होत होत बंद होते, याला विलोपन म्हणतात. पण थोडा वेळ जाऊ द्या, परत टिकटिक लावा, लाळ परत हजर. म्हणजे जुनं शिकलेलं आत होतंच, वरून दुसरं काहीतरी शिकून ते दाबलं गेलं होतं. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला (सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) मोठा पूर आला, पाव्हलॉवच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं, कुत्र्यांना पोहवत पोहवत बाहेर काढावं लागलं. नंतर काही कुत्र्यांचं शिकलेलं सगळं गडबडलं, एकाचं प्रयत्नाने परत बसवलं, आणि मग प्रयोगाच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी सोडल्याबरोबर ते पुन्हा कोसळलं. पुढे मार्क बाउटनने उंदरांवर दाखवलं की एका पेटीत बसलेली भीती दुसऱ्या पेटीत नेऊन घालवली तर पहिल्या पेटीत परत आल्यावर ती पण परत येते. पीटरचं टॅक्सीजवळ जे झालं ते याच जातीचं. त्यामुळे मुलाची भीती परत आली म्हणजे केलेलं सगळं वाया गेलं असं समजू नका.

पीटरच्या पेपरमधलं अजून एक सांगायचंय. त्याचं घर म्हणजे एक खोली, आई त्रासलेली, त्याची मोठी बहीण वारलेली, आणि पीटरला घरात बोलवायचं असलं की आई म्हणायची, आत ये, तुला कोणीतरी चोरून नेईल. हे वाचलं आणि मला आपलं घरोघरचं आठवलं. झोप नाहीतर बागुलबुवा येईल. जेव नाहीतर पोलिसाला बोलावते, डॉक्टरकाकांना सांगून सुई टोचायला लावते. आणि हे आपण कधी म्हणतो, तर बहुतेक वेळा घास भरवताना! जोन्स बाईंनी ज्या उलट्या जोडणीची धास्ती घेतली होती ती आपण दिवसातून दोनदा स्वतःच्या हाताने करतो, ताटाशी भीती लावतो, आणि मग म्हणतो पोरगं जेवायला बसलं की रडतं, दवाखान्याच्या पायरीलाच रडतं. कोणाला दोष देत नाहीये, जेवण भरवणाऱ्या बाईचा जीव किती मेटाकुटीला येतो ते मला माहितीये, पण हे शब्द खरंच सोडून देण्यासारखे आहेत. त्यापेक्षा आज्या करायच्या ते किती शहाणपणाचं होतं. पोराला कडेवर घेऊन अंगणात किंवा गॅलरीत जायचं, हा घास चिऊचा हा घास काऊचा, समोर पक्षी, मांजर, गाय, आणि तोंडात मऊ वरणभात. कोणी हेतूने केलं नसेल पण पीटरच्या उंच खुर्चीत हेच चाललं होतं.

नंतर जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरने मांजरांवर याच तत्त्वाने काम केलं, ज्या खोलीत शॉक बसला तिच्यापेक्षा अगदी वेगळ्या खोलीत आधी खायला द्यायचं, मग जराशी सारखी खोली, मग आणखी सारखी. त्यातून १९५८ मध्ये माणसांसाठी उपचारपद्धती आली, खाण्याच्या जागी अंग सैल सोडणं, आणि भीतीची शिडी खालून वर. आज फोबियावर जे उपचार होतात त्यांची मुळं इथे आहेत. वोल्पेने जोन्स बाईंना वर्तनोपचाराची आई म्हटलंय ते उगाच नाही.

माझी भाची बिल्डिंगखालच्या कुत्र्यांना भयंकर घाबरायची, खाली खेळायलाच जायची नाही. बहिणीने आणि मी मिळून हेच केलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून संध्याकाळचं खाणं, कुत्रे खाली लांब. मग पहिल्या मजल्याच्या जिन्यात. मग शेजाऱ्यांचा म्हातारा लॅब्रेडॉर पट्ट्याने बांधलेला, आणि त्याच्याशी खेळणारी दोन मुलं, आणि ही लांब कट्ट्यावर भेळ खात बसलेली. कोणी म्हणायचं नाही की जा हात लाव. तिने तोंड फिरवलं की उठून लांब जायचं, आणि दुसऱ्या दिवशी आधीच्या अंतरावरून परत सुरू. मधे सुट्टीत गावाला गेली तिथे कुत्रा भुंकला आणि गाडी मागे आली, तर मागच्या अंतरावरून परत. आता ती त्या लॅब्रेडॉरच्या डोक्यावरून हात फिरवते. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जवळ मात्र आम्ही तिला नेत नाही आणि नेणारही नाही, कारण तिथे चावण्याचा आणि रेबीजचा धोका खरा आहे, ती भीती काढायची नाहीये. पाव्हलॉवच्या कुत्र्यांना दोन सुरांतला फरक शिकवता यायचा, एका सुराला खाणं, दुसऱ्याला नाही, आणि काही दिवसांत ते फक्त पहिल्यालाच लाळ गाळायचे. भाचीचं सध्या तेच चाललंय, मालक सोबत आहे का, कान मागे गेलेत का, गुरगुरतोय का, कुत्रा खात असेल किंवा पिल्लांजवळ असेल तर लांबूनच, आणि हात लावायच्या आधी काकांना विचारायचं.